मातीखालचे गाव

पुणे जिल्ह्यातील शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव नावाचे खेडे आहे. त्याच्या शिवारात सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीचे एक गाव मातीखाली निजले होते. डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन करून ते उजेडात आणले.

त्याच्याही थोडे आधी, दूर पश्चिमेस बाबिलोन नगरीत हाम्मुराबी राजाने आपले कायदे दगडावर कोरविले होते. प्रतिष्ठिताचा डोळा फोडणाऱ्या प्रतिष्ठिताचा डोळा फोडावा. सामान्य माणसाचा फोडल्यास केवळ चांदी द्यावी, असा तेथे न्याय होता. गुलामाची पायरी त्याहूनही खालची होती.

इनामगावकरांना लेखनकला अवगत नव्हती. मग त्यांच्यातील लहानमोठेपण आपणांस कसे कळले? घरांच्या अवशेषांवरून! गावाच्या मध्यभागी सधन शेतकऱ्यांची घरे होती. कुंभार, सोनार, मणी घडविणारे कारागीर पश्चिमेच्या कडेला राहत. मध्यभागीच पाच खोल्यांचे एक मोठे घर व त्याशेजारी धान्याचे कोठार आढळले. हे घर गावच्या प्रमुखाचे असावे, असे संशोधक मानतात.

लोक जव, गहू, मसूर पिकवीत. गुरे व शेळ्यामेंढ्या पाळीत. नदीतील मासे धरीत. पुराचे पाणी वळविण्यासाठी त्यांनी बांध घालून पाट काढला होता. हे काम एकट्यादुकट्याचे खास नव्हे.

मृत्यूनंतरही भेद संपला नाही. प्रौढ माणसाचे पाय घोट्याजवळ तोडून त्यास पुरण्याची तेथे रीत होती. परंतु त्या मोठ्या घराच्या अंगणात, चार पायांच्या भल्याथोरल्या रांजणात मांडी घातलेला एक पुरुष मिळाला. त्याचे पाय मात्र शाबूत होते!

पुढे इ. स. पू. १००० च्या सुमारास पाऊस कमी झाला. चौकोनी घरांच्या जागी गोल झोपड्या आल्या. सुमारे तीनशे वर्षांनी गाव ओस पडले.

त्या प्रमुखाचे नाव आज कोणासही ठाऊक नाही. ज्याने तो रांजण घडविला, त्या कुंभाराचेही नाही. परंतु मातीने प्रमुखाच्या अस्थींबरोबर कुंभाराचे कसबही तितक्याच निगुतीने जपून ठेवले आहे.

शब्दार्थ : शिवार – गावाभोवतीची शेतजमीन, शाबूत – न मोडलेले, निगुतीने – काळजीपूर्वक.

स्वाध्याय
१. इनामगावात कारागीर कोठे राहत?
२. पाट काढण्याचे काम एकट्याचे नव्हे, असे का म्हटले आहे?
३. लेखन नसतानाही समाजातील भेद कसे ओळखता आले?