क्लच सोडताना गाडी उडी का मारते

धुळे

चि. भाच्यास,


परवा फोनवर तू विचारलंस, "मामा, क्लच सोडला की गाडी उडी मारते, नव्या क्लच प्लेटा टाकू का?" मी थांब म्हणालो. का, ते सविस्तर लिहितो. फोनवरचं बोलणं हाताला तेल लागल्यावर आठवत नाही. हा कागद पान्यांच्या डब्यात ठेव.

आषाढी एकादशीला आपल्या पिंप्राळ्याचा रथ निघतो, तेव्हा चाकाखाली मोगरी, म्हणजे रथ आवरायची लाकडी पाचर, लावणाऱ्यांचे हात तू जवळून पाहिले आहेस. मोगरी वेड्यावाकड्या घाईनं घातली की एवढा रथ हिसका खातो. जाणत्या हातानं लावली की रथ मुकाट्यानं आवरतो आणि वळतो. क्लचचं काम याच जातीचं आहे. फिरतं इंजिन आणि उभं चाक यांना हळूहळू एका वेगावर आणायचं, आणि त्यासाठी प्लेटा क्षणभर एकमेकींवर घसरायला हव्यात. तुझ्या प्लेटा घसरतच नाहीत, एकदम धरतात. त्या का धरतात, हे आधी शोध. दुकानात नंतर जा.

सुरुवात हँडलपासून कर. क्लचचा दांडा टोकाशी 10 ते 20 मिलिमीटर मोकळा हलला पाहिजे. मग वायर इंजिनकडच्या टोकाला सोड आणि हातानं मागेपुढे ओढून बघ. कुठे अडकून मग सुटते का? आतली तार तुटायला लागली असेल किंवा धूळ बसली असेल, तर दांडा तू हळू सोडतोस, पण वायर आत झटक्यानं सुटते. आपल्याकडच्या उन्हाळ्यात तेल सुकतं आणि धूळ राहते. नवी वायर स्वस्त पडते, आणि कित्येकदा दुखणं तिथेच संपतं.

दुसरं, चेन आणि मागच्या चाकाच्या हबमधले रबर. चेन ढिली किंवा रबर झिजलेले असले, तरी गाडी उचलताना धक्का बसतो आणि दोष क्लचवर जातो. चाक हातानं मागेपुढे फिरव, मोकळी चाल किती आहे ते कळेल.

तिसरं, ऑइल. तुझ्या स्प्लेंडरचा क्लच इंजिनच्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो. म्हणून डब्यावर 10डब्ल्यू-30 आणि जासो एमए असं लिहिलेलंच ऑइल घाल. कारच्या काही ऑइलमध्ये घर्षण कमी करणारी द्रव्यं असतात, त्यानं क्लच नको तेव्हाही घसरतो. जुनं, काळं, जळकट वासाचं ऑइल प्लेटांवर थर धरतं. गाडी महिनोन्‌महिने उभी राहिली असेल, तर प्लेटा एकमेकींना चिकटतातही. मोठ्या स्टँडवर लाव, इंजिन चालू कर, क्लच पूर्ण दाबून पहिला गिअर टाक. चाक जोरात फिरत राहिलं, तर प्लेटा पूर्ण सुटत नाहीत असं समज. ऑइल थंड असेल तर थोडं फिरेलच, तेवढ्यावरून घाबरू नकोस.

हे सगळं ठीक निघालं, तरच उजवं कव्हर उघड. ऑइल काढून ठेव, ते गटारात सोडू नकोस. किकचा दांडा काढण्याआधी त्याच्या दात्यांवर खूण कर. पॅकिंग स्क्रू ड्रायव्हरनं खरवडू नकोस, तिथे ओरखडा पडला की ऑइल झिरपतं. स्प्रिंगांचे चार बोल्ट समोरासमोर, थोडे थोडे ढिले कर. मधला नट खास सॉकेटनंच सोड, छिन्नी लावू नकोस. सॉकेट नसेल तर मिस्त्र्याकडून आण. एकेक प्लेट काढलीस की त्याच क्रमानं वर्तमानपत्रावर मांड.

आता नीट बघ. स्टीलच्या प्लेटा काचेवर ठेव. हलल्या तर वाकल्या आहेत, निळ्या पडल्या असतील तर तापल्या आहेत. अर्धा क्लच दाबून गर्दीत गाडी रेटत राहिलं की असं होतं. घर्षणाच्या प्लेटांची जाडी मिस्त्र्याकडच्या नव्या प्लेटेशी ताडून बघ. स्प्रिंगा शेजारी उभ्या कर, एखादी बुटकी असेल तर दाब सगळीकडे सारखा पडत नाही. मग सगळ्यात महत्त्वाचं. प्लेटांचे कान ज्या बेलच्या, म्हणजे क्लचच्या बाहेरच्या भांड्याच्या, फटींत सरकतात, त्या फटींच्या कडांवरून नख फिरव. कानांनी कडांवर खाचा पाडलेल्या असतील, तर प्लेट सरकताना खाचेत अडकते आणि निसटली की एकदम धरते. तुझी उडी तिथली असण्याची शक्यता मला जास्त वाटते.

हे मी एकदा शिकलो, आणि किंमत मोजून शिकलो. तरुणपणी प्लेटा बदलल्या, बेलकडे पाहिलंच नाही. आठवडाभर गाडी सरळ चालली, मग तीच उडी. पैसे गेले ते गेलेच, भर बाजारात समोरच्या सायकलीला धडकता धडकता वाचलो. म्हणून तुला बजावतो आहे.

खाच नखाला जेमतेम लागत असेल, तर बेल बाहेर काढून सपाट कानशीनं कड गुळगुळीत कर, प्रत्येक फटीत सारखीच. खोल असेल तर बेल बदल, कानस मारून फट रुंद करू नकोस. कानशीचा बुरादा रॉकेलनं धुऊन काढ, एक कण इंजिनात राहता कामा नये. नव्या प्लेटा बसवण्याआधी रात्रभर ऑइलमध्ये भिजत ठेव, कोरड्या बसवल्या तर पहिल्याच दिवशी जळतात. बोल्ट आवळताना पुन्हा समोरासमोर, आणि जोर बेतानं. ते बारीक आहेत, तुटले तर काम वाढेल. पॅकिंग नवं, ऑइल नवं. वायरची मोकळी चाल पुन्हा मोज.

पहिली चाचणी हमरस्त्यावर नको. गिरणेच्या पुलाकडे तर नकोच, तिथे ट्रक मागे लागलेले असतात. पिंप्राळ्यातल्याच मोकळ्या गल्लीत, सकाळी, हेल्मेट घालून पन्नास वेळा गाडी उचल आणि थांबव. रथाच्या दिवशी गाडी घरीच ठेव, त्या गर्दीत नवा क्लच अर्धा दाबून चालवू नकोस.

कव्हर उघडलंस की बेलच्या फटींचा फोटो मला पाठव. तो बघितल्याशिवाय प्लेटा आणू नकोस.

तुझा,
मामा