ग्रीष्मातील त्वचाचर्या : ऋतू, देश आणि लेप यांचा विचार

चैत्र सरत आला की चिकित्सालयात येणाऱ्या त्वचेच्या तक्रारींचे स्वरूप पालटते. हिवाळ्यात भेगा व खरखरीतपणा घेऊन येणारा रुग्ण आता घामोळे, दाह, चेहऱ्याचे काळवंडणे किंवा जांघेतील कंडू सांगू लागतो. त्यास आपण नवे औषध देतो. परंतु तो घरी अंगास काय लावतो, कोणत्या पाण्याने स्नान करतो, चेहऱ्यावर कोणता लेप किती वेळ ठेवतो, याची चौकशी दरवेळी होतेच असे नाही. हेमंतात सांगितलेला तिळतेलाचा अभ्यंग आणि वसंतात सुरू केलेले उद्वर्तन वैशाखातही तसेच चालू असते. कारण सरळ आहे : ते थांबवावयास कोणी सांगितलेले नसते. त्वचाचर्येचा उपदेश करताना तो केव्हा थांबवावयाचा हेही सांगणे वैद्याचे कर्तव्य आहे, हे या लेखात मांडण्याचा आमचा प्रयत्न आहे.

ऋतुविचार

वाग्भटोक्त गणनेनुसार ग्रीष्म ऋतू ज्येष्ठ व आषाढ या महिन्यांत येतो. महाराष्ट्रात मात्र आषाढात पाऊस सुरू झालेला असतो. सुश्रुताचार्यांनी दोषांच्या संचय-प्रकोपासाठी जो दुसरा ऋतुक्रम दिला आहे, त्यात प्रावृट् धरून वैशाख-ज्येष्ठ हा ग्रीष्म ठरतो. आपल्या प्रदेशास हा क्रम अधिक जुळतो. वैद्याने पंचांगाबरोबर अंगणातील ऊनही पाहावे.

‘उन्हाळा म्हणजे पित्ताचा काळ’ अशी समजूत लोकांत रूढ आहे. शास्त्रात मात्र पित्ताचा संचय वर्षाऋतूत व प्रकोप शरदात सांगितला आहे. ग्रीष्मात संचय होतो तो वाताचा. आदानकालाच्या या शेवटच्या टप्प्यात सूर्य व वायू शरीरातील स्नेह आणि जलांश शोषून घेतात. उष्णतेमुळे दाह होतो हे खरेच, पण त्याच्या मुळाशी रौक्ष्यही असते. म्हणूनच या ऋतूसाठी मधुर, शीत, द्रव आणि स्निग्ध अन्नपान सांगितले आहे. केवळ ‘थंड’ म्हणून जे जे रुक्ष द्रव्य त्वचेवर थापले जाते, ते तात्पुरते सुख देऊन वातसंचयास हातभार लावते. बाह्य उपचारांनाही शीत व स्निग्ध या दोन्ही गुणांची कसोटी लावावी.

देशविचार

ऋतू एक असला तरी उन्हाळा सर्वत्र एकसारखा नसतो. नागपूर, चंद्रपूर, अकोला या भागांत पारा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि हवा कोरडी असते. घाम येताच वाळतो, ओठ फुटतात, त्वचा ताणल्यासारखी होते. मुंबई व कोकण किनाऱ्यावर पारा बहुधा ३५ अंशांच्या आसपास असतो, परंतु हवेतील आर्द्रतेमुळे घाम वाळत नाही. क्लेद साचतो, स्वेदवह स्रोतसांचा अवरोध होतो आणि घामोळे व दद्रू बळावतात. जांगल व आनूप देशांचा हा भेद आपण पाठ केलेला असतो, पण चिठ्ठी लिहिताना तो विसरतो. पहिल्या रुग्णास अल्प स्नेहाची गरज आहे. दुसऱ्यास स्वच्छता व कोरडेपणाची. नागपूरची चिठ्ठी रत्नागिरीस चालणार नाही.

अभ्यंग

अभ्यंग नित्य सांगितला असला तरी त्याचे द्रव्य व मात्रा ऋतूप्रमाणे बदलावी. तिळतेल उष्णवीर्य आहे. कोरड्या प्रदेशात त्याऐवजी खोबरेल तेल किंवा चंदनबलालाक्षादी तेल अल्प प्रमाणात, सकाळी स्नानापूर्वी अर्धा तास लावून मुगाच्या पिठाने धुवावे. तळपायांस रात्री गाईचे तूप चोळणे दाहात हितकर ठरते. दमट प्रदेशात सर्वांगास तेल लावून तसेच ठेवू नये. ज्या भागावर घामोळे आहे तेथे तेल वा तूप मुळीच लावू नये, कारण आधीच रुद्ध झालेली स्वेदमुखे त्याने अधिक बुजतात. हा नियम लहान बालकांच्या बाबतीत विशेष पाळावा. तेल लावून दुपट्यात घट्ट गुंडाळलेल्या बाळास वैशाखात घामोळे उठणे स्वाभाविक आहे. त्यास औषधापेक्षा सैल सुती कपडा व वारा यांची गरज अधिक असते.

स्नान व उद्वर्तन

उद्वर्तन कफ व मेद यांचा नाश करणारे असल्याने ते वसंतात योग्य होय. ग्रीष्म लागताच हरभऱ्याच्या वा मसुराच्या पिठाचे जोरकस घर्षण बंद करावे. सकाळ-सायंकाळ साध्या पाण्याने स्नान करावे. वाळा घालून ठेवलेले पाणी अधिक उत्तम. साबण एकदाच, तोही काखा, जांघा व पाय यांपुरता पुरे. स्नानानंतर सांध्यांच्या घड्या नीट कोरड्या कराव्यात. उन्हातून येताच लगेच गार पाणी डोक्यावर घेऊ नये; घाम निवू द्यावा. हा निर्देश निरोगी व्यक्तीसाठी आहे. उष्माघाताचा संशय असल्यास विलंब न लावता अंग थंड करावे.

मुखलेप

अष्टांगहृदयात सूत्रस्थानाच्या बाविसाव्या अध्यायात सहा ऋतूंसाठी सहा निरनिराळे मुखलेप सांगितले आहेत. ऋतूप्रमाणे त्वचाचर्या बदलण्याचा याहून स्पष्ट आधार शोधावयास नको. ग्रीष्मासाठी कुमुद, उत्पल, कल्हार, दूर्वा, यष्टीमधु व चंदन ही द्रव्ये दिली आहेत. सर्व कमळजाती मिळणे आज कठीण आहे. दूर्वा, यष्टीमधु व चंदन यांचे सूक्ष्म चूर्ण गुलाबपाण्यात किंवा थंड दुधात कालवून व्यवहारात वापरता येते. तेलकट व पिटिकायुक्त मुखास गुलाबपाणी, रुक्ष मुखास दूध, असा विवेक करावा.

द्रव्यांपेक्षाही लेपाच्या विधीकडे अधिक दुर्लक्ष होते. त्याच ठिकाणी वाग्भटाचार्य बजावतात की लेप ओला असेपर्यंतच मुखावर ठेवावा, वाळलेला लेप त्वचेची कांती बिघडवतो. तो ओला करून काढावा व त्यानंतर अभ्यंग करावा. लेप लावलेला असताना ऊन, अग्नी व दिवसाची झोप वर्ज्य करावी. सुश्रुताचार्य रात्री लेप लावण्यास व शिळा लेप वापरण्यास मनाई करतात. आता घरोघरी मुलतानी मातीचा लेप तडतडेपर्यंत वाळवून खरवडून काढण्याची जी पद्धत आहे, ती या कसोटीवर ताडून पाहावी. कोरड्या उन्हाळ्यात ती सरळ हानिकारक आहे. आठवड्यातून एक-दोन वेळा, १० ते १५ मिनिटे, एवढी मर्यादा आम्ही सुचवितो.

आतपरक्षण

छत्र व उष्णीष धारण करण्याचा उपदेश दिनचर्येतच आहे. सकाळी ११ ते दुपारी ४ या वेळेत ऊन टाळणे, पांढरा सुती रुमाल, पूर्ण बाह्यांचा सदरा, रुंद काठाची टोपी हे उपाय स्वस्त व खात्रीचे आहेत. व्यंगाच्या रुग्णास ते औषधाइतकेच आवश्यक होत. येथे एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे : चंदनाचा किंवा कोरफडीचा लेप दाह शमवितो, परंतु सूर्याच्या अतिनील किरणांपासून पुरेसे संरक्षण तो देतो असे मानू नये. ज्यास उन्हात काम करणे भाग आहे, त्याने किमान एसपीएफ ३० चे सनस्क्रीन बाहेर पडण्यापूर्वी १५ ते ३० मिनिटे लावावे व दर दोन तासांनी पुन्हा लावावे. आपल्या शास्त्राचा अभिमान बाळगताना रुग्णास खोटी निश्चिंतता देणे योग्य नव्हे.

विशेष सावधगिरी

१. बाकुची : श्वित्रात बाकुचीचा लेप लावून ऊन देण्याचा प्रघात आहे. बाकुचीतील सोरालेन द्रव्य अतिनील किरणांच्या संयोगाने त्वचेवर तीव्र क्रिया करते. माघातील उन्हात जो रुग्ण १० मिनिटे सुखाने बसतो, त्यासच वैशाखात तेवढ्या वेळात स्फोट येऊन व्रण होऊ शकतात. ग्रीष्मात हा उपचार शक्यतो थांबवावा. चालू ठेवणे भागच असेल तर कोवळ्या उन्हात एक-दोन मिनिटांपासून आरंभ करून, वारंवार तपासणी करीत द्यावा. रुग्णाने आपल्या मनाने वेळ वाढवू नये, हे लिहून द्यावे.

२. लिंबाचा रस : चेहरा उजळण्यासाठी लिंबू चोळून उन्हात गेल्यास त्वचा भाजून काळे डाग पडतात. हे डाग महिनोन्‌महिने राहतात.

३. गोरेपणाची व गजकर्णाची मलमे : अनेक मिश्र मलमांत स्टेरॉइड असते. २०१८ मध्ये केंद्र शासनाने अशा मलमांतील अनेक स्टेरॉइडांना अनुसूची ‘एच’ मध्ये घालून चिठ्ठीविना विक्रीस प्रतिबंध केला. तथापि रुग्णाच्या घरी जुनी नळी असतेच. चेहरा लाल, पातळ व उन्हास असह्य झाला असेल, किंवा दद्रू पुनःपुन्हा पसरत असेल, तर नळी आणावयास सांगून पाहावी.

४. उष्माघात : उन्हातून आलेल्या रुग्णाची त्वचा तप्त असून तो असंबद्ध बोलत असेल किंवा शुद्ध हरपत असेल, तर घाम असो वा नसो, तो त्वचारोग समजून वेळ दवडू नये. अंगावर पाणी शिंपडून वारा घालावा व तत्काळ रुग्णालयात पोहोचवावे.

ऋतुसंधी

हा सर्व बदल एका दिवसात करावयाचा नाही. सरत्या ऋतूचे शेवटचे ७ व येत्या ऋतूचे पहिले ७ असे १४ दिवस ऋतुसंधीचे होत. त्या काळात जुना विधी क्रमाने सोडून नवा स्वीकारावा. प्रथम उद्वर्तन बंद करावे, मग तेल बदलावे, त्यानंतर मुखलेप बदलावा. पावसाच्या आरंभी हाच क्रम पुन्हा नव्याने लावावा लागेल.

वैद्यबंधुभगिनींना आमची एवढीच सूचना आहे की, त्वचेसाठी दिलेल्या प्रत्येक बाह्य उपचारापुढे त्याचा ऋतू लिहावा : ‘वसंतापर्यंत’, ‘पाऊस पडेपर्यंत’, ‘हिवाळ्यात पुन्हा विचारावे’. चिठ्ठीवर दोन शब्द वाढतील. पण रुग्णाच्या घरी चुकीच्या ऋतूत चालू राहणारे योग्य औषध त्यामुळे वेळेवर थांबेल.