शेतकऱ्याची मूत्रपिंडे : निगा आणि नित्याच्या सवयी

काळ्या जमिनीस पाणी देणे जितके महत्त्वाचे, तितकाच त्या पाण्याचा निचरा होणे महत्त्वाचे असते, हे प्रत्येक बागाईतदार जाणतो. चर बुजले म्हणून पहिल्याच वर्षी पीक बुडत नाही. परंतु हळूहळू क्षार वर येतात, जमीन खारवट व चोपण होते आणि मग कितीही खत घातले तरी ती पूर्ववत करणे कठीण जाते. मनुष्याच्या शरीरातही निचऱ्याची अशीच व्यवस्था आहे. हे काम दोन मूत्रपिंडे करतात. बोलीत त्यांना आता ‘किडनी’ असेच म्हणतात. त्यांचा बिघाडही असाच न कळत वाढतो. म्हणून चर बुजण्यापूर्वीच काळजी घेणे शहाणपणाचे होय.

मूत्रपिंडांचे कार्य

कण्याच्या दोन्ही बाजूंस, शेवटच्या बरगड्यांच्या आसपास, घेवड्याच्या दाण्याच्या आकाराची ही दोन इंद्रिये असतात. प्रत्येकाची लांबी सुमारे १० ते १२ सेंटिमीटर आणि वजन सुमारे १५० ग्रॅम असते. एकेका मूत्रपिंडात सुमारे १० लाख सूक्ष्म गाळण्या असतात. दिवसभरात या गाळण्यांतून सुमारे १८० लिटर द्रव गाळला जातो. त्यातील बहुतेक पाणी व उपयुक्त द्रव्ये शरीर परत घेते आणि टाकाऊ भाग सुमारे दीड लिटर लघवीच्या रूपाने बाहेर जातो. रक्तदाब योग्य ठेवणे, रक्त तयार होण्यास चालना देणे व हाडे बळकट राखणे ही कार्येही मूत्रपिंडेच करतात.

निसर्गाने ही शक्ती गरजेपेक्षा पुष्कळ अधिक दिली आहे. एका मूत्रपिंडावरही मनुष्य चांगला जगू शकतो. परंतु याच कारणामुळे बिघाड बराच पुढे जाईपर्यंत कोणतेही लक्षण दिसत नाही. पायांवर सूज, धाप, अन्नावरची वासना उडणे, रात्री वारंवार लघवीस उठावे लागणे, लघवीस फेस येणे ही चिन्हे दिसू लागतात, तेव्हा पुष्कळदा मोठे नुकसान होऊन गेलेले असते.

येथे एक सामान्य गैरसमज दूर करणे अवश्य आहे. वाकून काम केल्याने दुखणारी पाठ ही बहुधा स्नायूंची असते. मूत्रपिंडाचा जुनाट विकार सहसा दुखत नाही. म्हणजे जे दुखते ते मूत्रपिंड नव्हे; परंतु त्या दुखण्यावर घेतलेली गोळी मात्र निरोगी मूत्रपिंडास दुखावू शकते.

ऊन, तहान आणि मूत्रपिंड

ऊसतोडणीचे उदाहरण घ्यावे. टोळी पहाटेच फडात उतरते. मजुरी टनावर असल्यामुळे कोयता थांबवणे कोणासही परवडत नाही. पाण्याची कळशी दूर बांधावर असते. तोडणे, पाचट सोलणे, मोळ्या बांधणे आणि डोक्यावरून वाहून गाडी भरणे या श्रमांत अंगातून कित्येक लिटर घाम जातो. शरीर असे कोरडे पडले की मूत्रपिंडांकडे जाणारा रक्ताचा प्रवाह कमी होतो व लघवी दाट होते. एखाद्या दिवशी असे झाले तर मूत्रपिंडे सावरतात. परंतु दररोज, हंगामामागून हंगाम असेच घडले, तर गाळण्यांना कायमची इजा पोहोचू शकते.

मध्य अमेरिकेतील एल साल्वादोर व निकाराग्वा या देशांत याचा अनुभव आला आहे. २००२ साली एल साल्वादोरमधील डॉक्टरांनी असे दाखवून दिले की, मूत्रपिंडे निकामी झालेल्या अनेक रोग्यांत मधुमेह किंवा रक्तदाब हे नेहमीचे कारण सापडत नव्हते. त्यांत उष्ण किनारपट्टीवरील शेतमजूर पुष्कळ होते. पुढील अभ्यासांत उसाच्या फडांत राबणाऱ्या तरुण मजुरांमध्ये हा विकार विशेष आढळला. त्याच्या सर्व कारणांचा शोध अद्याप चालू असला, तरी कडक उन्हातील श्रम व वारंवार होणारी पाण्याची तूट यांचा त्यात मोठा वाटा मानला जातो. तेथील काही कारखान्यांच्या शेतांवर ‘पाणी, विश्रांती व सावली’ ही त्रिसूत्री अमलात आणली गेली. ती नीट पाळली, विशेषतः विश्रांती वाढवली, तेथे हंगामातील मूत्रपिंडांची इजा कमी झाल्याचे आढळले.

शेतकऱ्याने पाळावयाच्या सवयी

१. तहान लागण्याची वाट पाहू नये. घरून निघतानाच पाणी प्यावे. उन्हात कष्टाचे काम चालू असता दर १५ ते २० मिनिटांनी एक पेला पाणी घ्यावे. एकदम तांब्याच्या तांब्या रिचवण्यापेक्षा थोडेथोडे पिणे हितावह असते. तासाला दीड लिटरहून अधिक पिऊ नये. भाकरीबरोबर ताक घ्यावे. बाटलीतील गोड पेये ही पाण्याची जागा घेऊ शकत नाहीत. ज्यांना हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा विकार आहे, त्यांनी पाण्याचे प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे.

२. लघवीच्या रंगाकडे लक्ष ठेवावे. गव्हाच्या काडासारखा फिकट पिवळा रंग हा पाणी पुरेसे असल्याचा दाखला होय. दुपारीही रंग गडद असेल तर पाणी कमी पडत आहे असे समजावे. लघवी तांबडी किंवा चहासारखी झाल्यास विनाविलंब दवाखाना गाठावा.

३. जड काम सकाळी व संध्याकाळी करावे. दुपारच्या कडक उन्हात सावलीत विसावा घ्यावा. डोक्यास पागोटे, रुमाल किंवा पदर असावा.

४. अंगदुखीच्या गोळ्या मनाने घेऊ नयेत. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन यांसारखी औषधे मूत्रपिंडाकडील रक्तप्रवाह कमी करतात. घामाने शरीर कोरडे पडले असता त्याच गोळ्या घेणे म्हणजे आधीच आटलेल्या पाटाचे दार आणखी खाली ओढणे होय. काम उरकावे म्हणून सकाळी गोळी घेऊन फडात उतरण्याची प्रथा सर्वस्वी त्याज्य आहे. अनोळखी वैदूकडील भस्मे व पुड्याही टाळाव्यात. त्यांत पारा किंवा शिसे असण्याचा धोका असतो.

५. रक्तदाब व रक्तातील साखर तपासावी. मूत्रपिंडे निकामी होण्याची सर्वांत मोठी कारणे मधुमेह व वाढलेला रक्तदाब हीच आहेत. तीस वर्षांवरील प्रत्येक स्त्री-पुरुषाने आरोग्य केंद्रात जाऊन ही तपासणी करावी. दोहोंपैकी एखादा विकार असल्यास लघवीतील प्रथिने व रक्तातील क्रिएटिनिन वर्षातून एकदा तपासून घ्यावे. बरे वाटते म्हणून औषध बंद करू नये.

६. मीठ बेताने खावे. दिवसभरात सर्व पदार्थ मिळून चहाच्या एका चमच्याएवढे, म्हणजे ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ पुरे. लोणचे, पापड, खारवलेली मासळी व वरून घेतलेले मीठ यांचा हिशेब ठेवावा. तंबाखू, मिश्री व विडी वर्ज्य करावी.

७. जुलाब-वांत्या अंगावर काढू नयेत. एक लिटर स्वच्छ पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ विरघळवून ही जलसंजीवनी थोडीथोडी पाजावी. लघवी बंद झाल्यास रोग्यास तत्काळ रुग्णालयात न्यावे.

८. फवारणी व रात्रीचे पाणी यांबाबत सावध राहावे. पॅराक्वाटसारखे तणनाशक पोटात गेल्यास फुप्फुसे व मूत्रपिंडे दोन्ही निकामी होऊ शकतात. औषधाचा रिकामा डबा पाण्यासाठी वापरू नये. रात्री पिकास पाणी देण्यास जाताना पायांत जोडा व हाती विजेरी असावी. घोणसाच्या विषाने मूत्रपिंडे बंद पडू शकतात. दंश झाल्यास मांत्रिकाकडे वेळ न दवडता रुग्णालयात प्रतिविषाची लस घ्यावी. भातखाचरात काम करणाऱ्यांनी पायांच्या जखमा झाकाव्यात. उंदरांच्या लघवीने दूषित झालेल्या पाण्यातून होणारा लेप्टोस्पायरोसिस हा रोगही मूत्रपिंडांवर आघात करतो.

स्त्रियांची अडचण

शेतावर आडोसा नसल्यामुळे अनेक स्त्रिया दिवसभर पाणीच पीत नाहीत, किंवा लघवी दाबून धरतात. यामुळे मूत्रमार्गाचा दाह होतो आणि तो वर चढल्यास मूत्रपिंडासही बाधा पोहोचते. पाणी प्या, असा नुसता उपदेश त्यांना करून उपयोग नाही. प्रथम आडोशाची सोय केली पाहिजे. तळवट व चार बांबू यांनी ती होऊ शकते.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांचे कर्तव्य

ऊसतोडणी किंवा उन्हाळी कामांच्या प्रारंभी कार्यकर्त्यांनी शेतमालक व मुकादम यांची बैठक घ्यावी. कामाच्या जागेपासून हाकेच्या अंतरावर पिण्याचे पाणी, सावली व स्त्रियांसाठी आडोसा असावा आणि विसाव्याच्या वेळेबद्दल मजुरी कापू नये, हे त्यांना पटवून द्यावे. आशा स्वयंसेविकेच्या साहाय्याने टोळीतील सर्वांचा रक्तदाब व साखर तपासून घ्यावी. चक्कर, वांती, पायांत गोळे अथवा लघवी कमी होणे अशी तक्रार आल्यास मजुरास सावलीत आणावे, अंग ओले करून वारा घालावा व दवाखान्यात पाठवावे.

दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाल्यावर यंत्राने रक्त शुद्ध करून घ्यावे लागते. २०१६ साली केंद्र शासनाने राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम जाहीर केल्यापासून गरीब रोग्यांसाठी जिल्हा रुग्णालयांत ही सोय होऊ लागली आहे. तथापि, आठवड्यातून दोन-तीनदा, प्रत्येक वेळी सुमारे चार तास यंत्राशी बसावे लागते. उपचार विनामूल्य झाला तरी जाण्या-येण्याचा दिवस बुडतो, सोबतच्या माणसाची मजुरी बुडते आणि हंगामाचे काम अडून राहते. त्या मानाने बांधावरील एक कळशी, बाभळीखालचा एक विसावा आणि वर्षाची एक तपासणी यांचा खर्च नगण्य आहे. शेताचे चर पावसापूर्वीच साफ करणाऱ्या शेतकऱ्यास हा हिशेब वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही.