आधी पर मोजा, मग मासा घरी आणा

"सकर आहे. काच साफ करतो आणि एवढाच राहतो," दुकानदार म्हणाले. तीन इंचांचा, काचेला तोंडाने चिकटलेला तो मासा मी दोन फुटी टँकसाठी घेऊन आलो. जात विचारली नाही. दीड वर्षात तो फूटभर वाढला. शेवाळ खायचं त्याने सोडलं होतं. रात्री तो गोल्डफिशच्या अंगाला चिकटून वरचा बुळबुळीत थर खरवडायचा. सकाळी त्यांच्या अंगावर लाल चट्टे दिसत. त्यातच एक गोल्डफिश दगावला.

आई म्हणाली, "बिचाऱ्याला गावच्या तळ्यात सोड, मोकळा तरी होईल." मी बादली भरलीसुद्धा होती. मत्स्यशास्त्र शिकवणाऱ्या एका परिचितांना सहज फोन केला, म्हणून थांबलो.

त्यांनी पाठीवरच्या पराच्या काड्या मोजायला सांगितल्या. पुढचा जाड काटा सोडून बारा काड्या भरल्या. त्या दहा किंवा जास्त असतील, तर मासा बहुधा टेरिगोप्लिक्थिस, म्हणजे दीड फुटापर्यंत जाणारा. माझ्या मनात होता तो ब्रिसलनोज नावाचा छोटा सकर. त्याला साधारण सातच काड्या असतात आणि तो पाच-सहा इंचांवर थांबतो. एवढी एक खूण मला विकत घेतानाच माहीत हवी होती.

'सकर' हे एका जातीचं नाव नाही. दक्षिण आणि मध्य अमेरिकेतल्या या माशांच्या कुळात शेकडो जाती आहेत. नाव न मिळालेल्या जातींची ओळख ठेवण्यासाठी एका जर्मन मासिकाने १९८८ पासून 'एल' क्रमांक द्यायला सुरुवात केली, ती पद्धत आजही चालते.

ओळख पटवायची असेल तर मासा हातात किंवा जाळीत धरू नका. परांचे काटे टोचतात आणि जाळीत अडकून त्यालाही इजा होते. तो काचेला चिकटला की पोटाचा फोटो घ्या. पोटावर सुटे ठिपके आहेत की एकमेकांत मिसळलेल्या नागमोडी रेघा, यावरून जात कळायला मदत होते. दुसरा फोटो बाजूने, पाठीचा पर पूर्ण उभा असताना. सोबत लांबी लिहून ठेवा. या माशांत संकर झालेले असतात, त्यामुळे नेमकी जात कधीकधी ठरत नाही. पण तो किती वाढणार हे कळलं, तरी पुढचा निर्णय घेता येतो.

आणि तळ्यात, नदीत कधीही सोडू नका. हा मासा काठ पोखरून बिळात अंडी घालतो, कमी प्राणवायूच्या पाण्यात हवा गिळून तगतो, त्याच्या काट्यांनी जाळी फाटतात. उजनी धरणाच्या मच्छीमारांच्या जाळ्यांतही तो येऊ लागला आहे. तिथे तो बहुधा कुणाच्या तरी टँकमधून पोहोचला असावा.

माझा मासा आता एका मित्राच्या मोठ्या सिमेंटच्या टाकीत आहे. ती बादली त्या दिवशी मी तळ्यावर नेली असती, तर काय सोडून आलो हेही मला कळलं नसतं.