कडा आणि भेग

छत्रपती संभाजीनगरहून वेरूळकडे जाताना सुमारे १५ किलोमीटर अंतरावर देवगिरीचा किल्ला दृष्टीस पडतो. त्याचा डोंगर पायथ्यापासून जवळजवळ २०० मीटर उंच आहे. दुर्गकर्त्यांनी त्याच्या सभोवतालचा काळा खडक तासून भिंतीसारखा उभा केला, खाली खंदक खोदला आणि वर जाण्यास काळोख्या भुयाराची एकच वाट ठेविली. त्या कड्यावर बोटे रोवावीत अशी भेग नाही की पाऊल टेकावे अशी खोबण नाही. कडा चढणाऱ्याला काय हवे असते हे त्या कारागिरांना पुरते ठाऊक होते. म्हणूनच त्यांनी नेमके तेच नाहीसे केले.

चढणाऱ्याला हवी असते ती भेग. अमेरिकेतील युटा राज्याच्या वाळवंटात तांबड्या वालुकाश्माचे उंच कडे आहेत. कोट्यवधी वर्षांपूर्वी वाऱ्याने रचलेल्या वाळूच्या टेकड्या दाबाखाली घट्ट होऊन हा खडक बनला. पुढे त्याला सरळ उभ्या भेगा पडल्या. अशा भेगेत चढणारा आपला पंजा घालतो, अंगठा तळहाताकडे दुमडतो आणि हात फुगवितो. हात तेथे पाचरीसारखा घट्ट बसतो. मग पाऊल आडवे करून तो भेगेत सरकवितो व गुडघा सरळ करतो. पाऊलही अडकून बसते. हात, पाय, पुन्हा हात, अशी त्याची वाटचाल चालते.

त्याच्या कमरेला दोर असतो व दोराचे दुसरे टोक खालच्या सोबत्याच्या ताब्यात असते. चढता चढता तो भेगेत धातूची साधने अडकवितो आणि त्यांतून दोर ओवून घेतो. शेवटच्या साधनापासून तो दोन मीटर वर असताना हात सुटला, तर निदान चार मीटर खाली येतो. आणि ते साधन निसटले, तर त्याहूनही खाली. म्हणून प्रत्येक साधन तो हिसका देऊन पारखतो, मगच त्यावर विसंबतो. ओला वालुकाश्म दुबळा होतो. म्हणून पाऊस पडून गेल्यावर खडक सुकेपर्यंत जाणते लोक त्याला हात लावीत नाहीत.

पूर्वी खडकात लोखंडी मेखा ठोकीत. त्यायोगे भेगांच्या कडा फुटत. १९७६ साली अर्ल विगिन्स व त्याचे सोबती इंडियन क्रीक येथील एक प्रसिद्ध भेग चढले, तेव्हा त्यांनी मेखांऐवजी धातूचे पोकळ ठोकळे वापरले. दोन्ही बाजू समांतर असलेल्या भेगेत असे ठोकळे बसविणे अवघड असते. १९७८ पासून भेगेच्या रुंदीप्रमाणे उघडणारी स्प्रिंगची साधने विकत मिळू लागली. मागून येणारा सोबती ती सर्व काढून घेतो. खडक होता तसाच राहतो.

आता पुन्हा देवगिरीकडे वळू. १२९६ साली अल्लाउद्दीन खिलजीने अकस्मात चाल केली, तेव्हा राजा रामचंद्रदेव यादव गडावर गेला. घाईघाईने पोती वर नेण्यात आली. फरिश्ता या इतिहासकाराने सांगितलेली हकीकत अशी, की ती धान्याची समजून नेलेली पोती उघडली तेव्हा आत मीठ निघाले. कडा अभेद्य होता, पण कोठार रिकामे होते. राजाला तह करावा लागला.

वाळवंटातील चढणारा हाती आलेली प्रत्येक वस्तू पारखून घेतो. गडावर नेलेली पोती मात्र कोणी वेळेवर उघडून पाहिली नाहीत. खडकातील भेग डोळ्यांना दिसते. बेसावधपणाची भेग मात्र संकट दाराशी आल्यावरच दिसते.

स्वाध्याय

१. देवगिरीचा कडा चढण्यास अवघड का आहे?
२. भेगेत हात व पाऊल कसे अडकवितात, ते तुमच्या शब्दांत लिहा.
३. लोखंडी मेखांपेक्षा नवी साधने कोणत्या दृष्टीने चांगली?
४. ‘कडा अभेद्य होता, पण कोठार रिकामे होते’ या वाक्याचा आशय स्पष्ट करा.