बेलडोंगरीचे ‘व्रेडेनबर्गाइट’
नागपूर जिल्ह्यातील बेलडोंगरीच्या मँगनीज खाणीतील एक करडे, धातूसारखे चकाकणारे खनिज लोहचुंबकास घट्ट चिकटते. तेवढ्यावरून त्यास लोहखनिज समजणे चुकीचे ठरेल. त्यात लोहाहून मँगनीजच अधिक असते. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातील फर्मोर यांनी १९०८ मध्ये आपले सहकारी अर्नेस्ट व्रेडेनबर्ग यांच्यावरून त्याचे नामकरण केले. (गावावरून त्यांनी दुसऱ्या एका खनिजास दिलेले ‘बेलडोंगराइट’ हे नाव मात्र फारसे रूढ झाले नाही.) पुढे सूक्ष्मदर्शकाखाली आढळले की, ‘व्रेडेनबर्गाइट’ हे एक खनिज नसून जेकबसाइट आणि हाउसमनाइट या दोन ऑक्साइडांची घट्ट वीण आहे, चुंबकत्व येते ते जेकबसाइटमुळे. स्वतंत्र खनिज म्हणून हे नाव आता ग्राह्य नाही. तथापि, शाळेच्या संग्रहातील नमुन्यावरची जुनी चिठ्ठी शिक्षकांनी काढू नये. तिच्याखाली ही दोन नावे लिहावीत.