दाताचे दुखणे आणि शेजारधर्म

शास्त्रपाठ : लूक 10:25-37

कापूस वेचणीच्या दिवसांत कारंजा तालुक्यातील एका गोंड वस्तीवर गेलो होतो. एका मजूर बांधवाचा गाल सुजला होता, अंगात ताप होता. दुखऱ्या दाढेत खर्रा दाबून त्याने चार दिवस काढले होते. "विमा नाही, पैसे नाही, रोज पाडून कसा जाऊ, भाऊ?" मी प्रार्थना केली, गोळी दिली आणि परतलो. दुसऱ्या दिवशी त्याला तोंड उघडेना. तेव्हा कुठे त्याला वर्ध्याला नेले. पू काढला, दाढ काढली, तो वाचला.

शोमरोन्याने जखमा तर बांधल्याच. शिवाय जखमीला आपल्या जनावरावर बसवले, उतारशाळेत नेले आणि खर्च सोसला. मी पहिल्याच पायरीवर थांबलो होतो.

आपण शिकू या :

1. गोळीने ठणका दबतो, पू जात नाही. ताप, वाढती सूज, तोंड न उघडणे असेल तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. गिळताना वा श्वास घेताना त्रास झाल्यास लगेच 108 ला फोन करावा.

2. 15 ऑगस्ट 2023 पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार निःशुल्क आहेत. सावंगी (मेघे) येथे दंत महाविद्यालयही आहे.

3. तरीही गाडीभाडे आणि बुडालेली मजुरी उरते. तो भार मंडळीने उचलावा.

मनन : आपल्या मंडळीतले कोणते वाहन रात्री वस्तीवर जाईल?